मेंटेनन्स १५ टक्क्यांनी वाढला म्हणतात, मग माझं बिल २१ टक्क्यांनी कसं वाढलं?

कासारवडवलीकर (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला आमची शंभर फ्लॅटची सोसायटी आहे. परवा लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लागली : "वाढत्या खर्चामुळे पुढील महिन्यापासून मासिक देखभाल शुल्कात १५ टक्के वाढ प्रस्तावित आहे. रविवारच्या विशेष सर्वसाधारण सभेत मंजुरी घेण्यात येईल." खाली बारीक अक्षरात, "प्रत्येक सदनिकेस दरमहा रु. ५००".

माझा वन बीएचके. आजवर २४०० भरत होतो, आता २९००. मोबाइलवर हिशेब केला तर २०.८ टक्के आले. टू बीएचकेवाल्यांचे ३६०० चे ४१०० होणार, म्हणजे १३.९ टक्के. थ्री बीएचकेवाले ५२०० वरून ५७०० वर, ९.६ टक्के. म्हणजे १५ टक्के हा आकडा शंभरातल्या एकाही घराला लागत नाही! सेक्रेटरींना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, उत्तर आलं "ती सरासरी आहे", आणि वर हात जोडलेला इमोजी.

ही कसली सरासरी? आणि सगळ्यांना सारखेच ५०० लावणं न्याय्य आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. सभा रविवारी आहे.

---

नौपाड्याचा_नंदू | मंगळवार, रात्री १०:३१

पयला!

आधी नोटीस लिहिणाऱ्याला दाद द्या. ५०० रुपये मोठ्या अक्षरात लिहिले असते तर त्याच रात्री सेक्रेटरीच्या दारात चपलांचा ढीग पडला असता. १५ टक्के म्हटलं की लोक मान डोलावतात आणि लिफ्टचं बटण दाबतात.

तुमचं गणित बरोबर आहे. वाढ रुपयांत सारखी असली की ज्याचं मूळ बिल लहान त्याची टक्केवारी मोठी. फेब्रुवारी २०२५ ची रिक्षा-टॅक्सीची भाडेवाढ आठवा. रिक्षाचं किमान भाडं २३ चं २६ झालं, काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं २८ चं ३१. दोन्हीकडे तीनच रुपये. पण रिक्षा १३ टक्क्यांनी महागली आणि टॅक्सी १०.७ टक्क्यांनी. ठाण्यात टॅक्सी दिसते कुठे म्हणा, त्यामुळे आपल्या वाट्याला १३ च.

---

गणिताचे_सर | बुधवार, सकाळी ७:०५

नंदू, उदाहरण छान. एक गोष्ट मात्र पक्की करून घ्या, कारण दहावीच्या पोरांपासून टीव्हीवरच्या अँकरपर्यंत सगळे इथेच घसरतात. वाढीला भागायचं ते जुन्या रकमेने : (नवी − जुनी) ÷ जुनी × १००. उद्या कुणी ५०० भागिले २९०० करून "सतराच टक्के आहे हो" म्हणालं तर सभेत तिथल्या तिथे उठा.

आता सरासरी. तिन्ही टक्केवारींची बेरीज करून तीनने भागलं तर १४.८ येतात. हे उत्तर १५ च्या जवळ आहे म्हणून फसू नका. कुठल्या प्रकारचे फ्लॅट किती आहेत, हे त्यात आलेलंच नाही. नऊ घरं एका बाजूला आणि एकच घर दुसऱ्या बाजूला असलं तरी ही सरासरी दोघांना सारखाच मान देते. कासारवडवलीकर, फ्लॅटची विभागणी सांगता का?

---

कासारवडवलीकर (धागाकर्ता) | बुधवार, सकाळी ८:४०

सर, वन बीएचके ४०, टू बीएचके ५०, थ्री बीएचके १०.

---

गणिताचे_सर | बुधवार, सकाळी ८:५२

मग आजची महिन्याची वसुली ९६,००० + १,८०,००० + ५२,००० = ३,२८,०००. वाढ १०० × ५०० = ५०,०००. भागा : १५.२४ टक्के. सेक्रेटरींचा आकडा बरोबर आहे. तो सोसायटीच्या गल्ल्याचा आकडा आहे, तुमच्या खिशाचा नाही. नोटीस ज्याच्या दारावर लागते त्याला त्याच्या खिशाचा आकडा हवा असतो, हे समितीच्या लक्षात यायला हवं होतं.

---

सीवूड्सची_सई | बुधवार, सकाळी ९:१५

नंदूच्या उदाहरणाची उलट बाजू बेस्टने दाखवली. मे २०२५ मध्ये साध्या बसचं किमान तिकीट ५ चं १० झालं आणि एसी बसचं ६ चं १२. रुपयांत एकीकडे ५ वाढले, दुसरीकडे ६. टक्केवारी दोन्हीकडे १००.

आणखी गंमत आहे. हेच साधं तिकीट जुलै २०१९ ला ८ वरून ५ वर आणलं होतं, म्हणजे ३७.५ टक्क्यांनी उतरलं. मग १०० टक्क्यांनी चढलं. आमच्या ऑफिसात एक जण तावातावाने सांगत होता की १०० मधून ३७.५ वजा, म्हणजे निव्वळ साडेबासष्ट टक्के वाढ. अहो, ८ चे १० झाले! २५ टक्के.

---

नौपाड्याचा_नंदू | बुधवार, सकाळी ९:२२

साडेबासष्ट! 😂 त्या गृहस्थांना आमच्या सोसायटीचा खजिनदार करा.

---

गणिताचे_सर | बुधवार, सकाळी ९:४८

सईताई, ०.६२५ × २ = १.२५. टक्क्यांची बेरीज-वजाबाकी करायचीच नाही, प्रत्येक बदलाचा गुणक काढायचा आणि गुणत जायचं. ३७.५ टक्के उतरलं म्हणजे ०.६२५, दुप्पट झालं म्हणजे २.

रिक्षाचंही तसंच. २०१५ पासून किमान भाडं १८ होतं. मार्च २०२१ ला २१, ऑक्टोबर २०२२ ला २३, फेब्रुवारी २०२५ ला २६. टप्प्याटप्प्याने १६.७, ९.५ आणि १३ टक्के. बेरीज केली तर ३९.२. प्रत्यक्षात १८ चे २६, म्हणजे ४४.४ टक्के. दुसऱ्या टप्प्याची वाढ आधीच फुगलेल्या भाड्यावर लागली, तिसऱ्याची त्याहून फुगलेल्यावर. मधले पाच टक्के तिथून आले.

पण हे ४४ टक्के जवळपास दहा वर्षांतले आहेत. वर्षाला सरासरी पावणेचार टक्क्यांच्या आसपास. २०१५ ते २०२१ काहीच वाढ नाही आणि मग चार वर्षांत तीनदा वाढ, म्हणून ती बोचली. "रिक्षा ४४ टक्क्यांनी महागली" म्हणणारा आणि "वर्षाला चार टक्केसुद्धा नाही" म्हणणारा, दोघं एकाच मीटरकडे बघत असतात. कालावधी सांगितल्याशिवाय वाढीचा वेग सांगताच येत नाही.

---

खतावणी | बुधवार, दुपारी १:३०

खारघरहून. बऱ्याच सोसायट्यांचे हिशेब लिहितो, म्हणून माझे दोन पैसे.

कुणाला किती टक्के लागले यावर रविवारी भांडाल तर सभा तासभर रंगेल आणि ठराव जसाच्या तसा पास होईल. त्याऐवजी हे ५०,००० आले कुठून ते विचारा. नोटिशीसोबत खर्चाचा तक्ता आहे का?

---

कासारवडवलीकर (धागाकर्ता) | बुधवार, सायंकाळी ७:५५

आहे, पण फोटो धूसर आहे म्हणून टाइप करतो. महिन्याचा खर्च, आधी आणि आता :

सिक्युरिटी : १,२०,००० → १,३८,०००
टँकर : १८,००० → ४५,०००
कॉमन वीजबिल : ४०,००० → ४३,०००
लिफ्टचं एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) : ८,००० → १०,०००
बाकी (हाऊसकीपिंग, पालिकेची पाणीपट्टी, सिंकिंग फंड वगैरे) : १,४२,०००, बदल नाही

ग्रुपवर सगळे लिफ्टवाल्याच्या नावाने बोटं मोडतायत. "२५ टक्के वाढ कशी दिली त्याला?"

---

खतावणी | बुधवार, रात्री ९:१०

लिफ्टवाला २५ टक्क्यांनी वाढला आणि सिक्युरिटी १५ टक्क्यांनी. म्हणून ग्रुप लिफ्टवाल्यावर तुटून पडलाय. पण रुपये बघा. लिफ्टचे २,००० वाढले, सिक्युरिटीचे १८,०००. लिफ्टवाल्याशी घासाघीस करून पूर्ण वाढ रद्द करून आणलीत तरी फ्लॅटमागे २० रुपये वाचतील.

अशा वेळी मी प्रत्येक बाबीची वाढ एकूण जुन्या खर्चाने भागतो. त्या बाबीच्या स्वतःच्या जुन्या खर्चाने नाही. टँकर २७,००० ÷ ३,२८,००० = ८.२. सिक्युरिटी ५.५. वीज ०.९. लिफ्ट ०.६. बेरीज करा : १५.२. सरांनी काढलेला आकडा बरोबर जुळतो. एकूण १५ टक्क्यांत कुणाचा किती वाटा आहे ते या चार आकड्यांत कळतं. निम्म्याहून जास्त वाढ टँकरची आहे.

आणि आता न्यायाचं. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) सेवा शुल्क, म्हणजे वॉचमनचे पगार, कॉमन लाइट वगैरे, सगळ्या फ्लॅटना समान वाटायचं असतं. क्षेत्रफळावर नाही. लिफ्टचा खर्चही समान. तेव्हा "वन बीएचकेला टक्केवारी जास्त लागते" हा मुद्दा त्यापुरता टिकणार नाही. वॉचमन तुमच्यासाठी अर्धा आणि थ्री बीएचकेसाठी दीड जागा नसतो.

पण पाणी समान वाटायचं नसतं. पाण्याचा खर्च फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार बघून वाटायचा, असं त्याच उपविधींत आहे. तुमच्या समितीने टँकरचे २७,००० सुद्धा डोक्यावर १०० ने भागलेत. तिथे बोट ठेवा.

नळ किती आहेत प्रत्येक प्रकारात?

---

कासारवडवलीकर (धागाकर्ता) | बुधवार, रात्री ९:३४

वन बीएचके ४, टू ६, थ्री ८. बिल्डरने सगळीकडे सारख्याच आकाराचे दिलेत.

---

खतावणी | बुधवार, रात्री ९:५८

एकूण नळ १६० + ३०० + ८० = ५४०. २७,००० ÷ ५४० = नळामागे ५० रुपये. उरलेले २३,००० समान, फ्लॅटमागे २३०.

वन बीएचके : २०० + २३० = ४३० (१७.९ टक्के)
टू बीएचके : ३०० + २३० = ५३० (१४.७ टक्के)
थ्री बीएचके : ४०० + २३० = ६३० (१२.१ टक्के)

गल्ल्यात तेच ५०,००० येतात. तुमचे ७० रुपये कमी झाले आणि टक्केवारीतली दरीही बरीच बुजली.

---

दहावा_मजला | बुधवार, रात्री १०:२०

वा. म्हणजे आम्ही थ्री बीएचकेवाले परत बळीचा बकरा. आमच्याकडे आम्ही दोघंच राहतो, मुलगा बंगळूरला. तीन बाथरूमपैकी एकात तर वाळवणाचे डबे ठेवलेत. खालच्या वन बीएचकेत सहा माणसं आणि रोज दोन वेळा मशीन. नळ मोजून पाणी कसं कळणार?

---

खतावणी | बुधवार, रात्री १०:४१

काका, तुमचं म्हणणं खरं आहे. नळ हा वापराचा अंदाज आहे, वापर नव्हे. ज्या सोसायट्यांना ते पटत नाही त्या प्रत्येक फ्लॅटला पाण्याचं मीटर बसवून घेतात. नव्या बांधकामांत सोपं पडतं, जुन्या पाइपलाइनला डोकेदुखी. रविवारपर्यंत होणारी गोष्ट नाही ती.

---

ऐरोलीकर_अण्णा | गुरुवार, सकाळी ६:५०

ठाणेकरांचे टँकरपुराण वाचून करमणूक होते आहे. आमच्या नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. तुम्ही घोडबंदरला टॉवर बांधत सुटलात, माणसं कोंबलीत, आता भोगा. ठाण्याइतकी लोकसंख्या कुणाचीच वाढली नाही.

---

नौपाड्याचा_नंदू | गुरुवार, सकाळी ८:०२

अण्णा, आकडे काढा. नवी मुंबई आमच्यापेक्षा वेगाने वाढलीय.

---

ऐरोलीकर_अण्णा | गुरुवार, सकाळी ८:१०

२००१ ते २०११ मध्ये ठाणे शहर पावणेसहा लाखांनी वाढलं, नवी मुंबई सव्वाचार लाखांनीही नाही. आता बोला.

---

गणिताचे_सर | गुरुवार, सकाळी ११:३०

भांडू नका, दोघंही बरोबर आहात आणि म्हणूनच हे भांडण मिटत नाही.

जनगणनेप्रमाणे ठाणे महापालिका २००१ ला १२.६२ लाख, २०११ ला १८.४१ लाख. नवी मुंबई महापालिका ७.०४ लाख आणि ११.२० लाख. माणसं मोजली तर ठाण्यात ५.७९ लाख वाढली, नवी मुंबईत ४.१६ लाख. अण्णांचा मुद्दा. टक्क्यांत ठाणे ४६, नवी मुंबई ५९. नंदूचा मुद्दा.

मग बघायचं काय? पाण्याचे टँकर, शाळेतले बाक, लोकलमधली उभी राहायची जागा, हे माणसांवर ठरतं. तिथे ५.७९ लाखच बघायचे. शहराची यंत्रणा किती ताणली गेली हे बघायचं असेल तर टक्के, कारण सात लाखांसाठी बांधलेल्या नळ-गटारांवर चार लाख नवे येणं आणि साडेबारा लाखांवालीवर पावणेसहा लाख येणं, यात पहिला ताण जास्त.

आणि हो, ५९ टक्के भागिले दहा करून "वर्षाला ५.९ टक्के" म्हणू नका. चक्रवाढीने नवी मुंबईचा वेग वर्षाला सुमारे ४.७५ टक्के पडतो, ठाण्याचा ३.८५. पुढचं सांगायची सोय नाही, २०२१ ची जनगणना झालीच नाही.

---

सीवूड्सची_सई | गुरुवार, दुपारी १२:०५

अवांतर : यात ठाणे "जिल्हा" घुसवू नका हं कुणी. २०११ चा ठाणे जिल्हा म्हणजे १ कोटी १० लाखांचा, पालघरसकट. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. जुन्या जिल्ह्याच्या आकड्याशी नव्या जिल्ह्याची तुलना केली तर लोकसंख्या घटली असं दिसेल, आणि ते फॉरवर्ड लगेच तयार होईल.

---

दहावा_मजला | गुरुवार, दुपारी ३:१५

मेंटेनन्सवर जीएसटी पण लागतो ना? तो धरलाय का यात?

---

खतावणी | गुरुवार, दुपारी ३:४०

नाही लागत तुम्हाला. सभासदामागे महिन्याला ७,५०० च्या आत असेल तर नाही, आणि तुमचं सगळ्यात मोठं बिल ५,७०० आहे.

जीएसटी निघालाच आहे तर सांगतो. सप्टेंबर २०२५ ला साबण, टूथपेस्ट, शॅम्पू १८ टक्क्यांवरून ५ वर आले, तेव्हा दुकानादुकानात "१३ टक्के स्वस्त व्हायला हवं" म्हणून वाद झाले. कर मूळ किमतीवर असतो. १०० च्या मालाचे ११८ द्यायचात, आता १०५. ११८ वर १३ रुपये कमी म्हणजे ११ टक्के. लोणी-तूप १२ वरून ५ वर आलं, तिथे ११२ चे १०५, म्हणजे सव्वासहा टक्के. दुकानदार दोन टक्के खातोय असं वाटण्याआधी हे करून बघावं. खाणारे खातात, तो वेगळा धागा.

---

कासारवडवलीकर (धागाकर्ता) | गुरुवार, रात्री ८:३०

मेंटेनन्स लागतोय कारण हप्ता आधीच बसलाय मानगुटीवर. २०२१ ला ६.५ टक्क्यांनी होमलोन घेतलं. मग दर ९ वर गेला. बँकेतला म्हणाला "अडीच टक्के वाढलाय फक्त". अडीच टक्के म्हणजे माझ्या हप्त्यात साडेपाचशेची वाढ हवी होती. साडेचार हजारांवर वाढला!

---

गणिताचे_सर | गुरुवार, रात्री ९:०५

३० लाख, वीस वर्षं असणार. ६.५ ला हप्ता २२,३६७ बसतो, ९ ला २६,९९२. फरक ४,६२५. जुळतंय?

बँकेतल्याचे अडीच हे दोन दरांची वजाबाकी आहे, ९ उणे ६.५. ते अडीच पॉइंट. दर स्वतः किती टक्क्यांनी वाढला विचाराल तर २.५ ÷ ६.५, साडेअडतीस टक्के. आणि हप्ता वाढला २०.७ टक्क्यांनी, कारण हप्त्यात व्याजासोबत मुद्दलही असतं आणि मुद्दल काही दरासोबत फुगत नाही. एकाच घटनेचे तीन आकडे : अडीच, एकवीस, अडतीस. माणूस आपल्या सोयीचा उचलतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ चा साडेसहा झाला तेव्हाही बातम्यांत "अडीच टक्के" होतं. व्याजदर ४ वरून साडेसहावर जाणं म्हणजे साडेबासष्ट टक्क्यांची उडी आहे.

---

नौपाड्याचा_नंदू | गुरुवार, रात्री ९:०९

साडेबासष्ट परत आले! सईताई, ऑफिसातल्या त्या काकांना कळवा.

---

सीवूड्सची_सई | गुरुवार, रात्री १०:००

😄 कळवते.

सर, एक विचारायचं होतं. पेपरात येतं की महागाईचा दर निम्म्यावर आला, मग वाशीच्या भाजीबाजारात ते कधीच का दिसत नाही? आमच्या बाई रोज हेच विचारतात.

---

गणिताचे_सर | शुक्रवार, सकाळी ७:२०

कारण दर निम्म्यावर आला म्हणजे किमती निम्म्यावर आल्या नाहीत, किमती चढायचा वेग निम्म्यावर आला. जुलै २०२३ ला किरकोळ महागाई ७.४४ टक्के होती, टोमॅटोने कहर केला होता तेव्हा. जुलै २०२४ ला ती साडेतीनच्या आसपास आली. १.०७४४ × १.०३५ = १.११२. दोन वर्षांत भाव ११ टक्क्यांनी चढलेलेच.

शिवाय साडेतीनचा आकडा अंशतः २०२३ च्या टोमॅटोमुळे छोटा दिसला. तुलनेचा पाया, म्हणजे जुलै २०२३, आधीच उंच होता. उलट पाया खोलगट निवडला की तीच वाढ डोंगराएवढी दिसते.

हे लिहितानाच शंका आली. कासारवडवलीकर, टँकरचे ते १८,००० नक्की कुठल्या महिन्याचे? आणि ४५,००० कुठल्या?

---

कासारवडवलीकर (धागाकर्ता) | शुक्रवार, रात्री ८:४५

सर, तुमच्या शंकेला दंडवत.

खजिनदारांकडे जाऊन बसलो. माणूस चांगला आहे, चहा पाजला, फाइल पुढे ठेवली. १८,००० ही गेल्या पूर्ण वर्षाची सरासरी, बारा महिन्यांची. त्यात पावसाळ्याचे जवळजवळ कोरडे महिनेही आले (टँकरच्या दृष्टीने कोरडे). आणि ४५,००० हे यंदाच्या एप्रिल-मेचे. गेल्या वर्षीच्या एप्रिल-मेची बिलं काढली तर महिन्याला ३६,००० निघाले. तेव्हा १८ टँकर, २,००० ने. आता २० टँकर, २,२५० ने.

---

खतावणी | शुक्रवार, रात्री ९:२०

झालं मग. भर उन्हाळ्याची तुलना वर्षाच्या सरासरीशी केली, म्हणून १५० टक्के. उन्हाळ्याशी उन्हाळा लावला तर ३६,००० चे ४५,०००, २५ टक्के. टँकरची संख्या ११ टक्क्यांनी वाढली, दर साडेबारा टक्क्यांनी. १.१११ × १.१२५ = १.२५.

पूर्ण वर्षालाही हाच २५ टक्क्यांचा वेग लावला तर सरासरी १८,००० ची २२,५०० होते. महिन्याची वाढ २७,००० ऐवजी ४,५००. एकूण वाढ ५०,००० ऐवजी २७,५००, म्हणजे ८.४ टक्के. नळामागे ८.३३ रुपये पडतात, अधिक २३० समान :

वन बीएचके २६३ (११ टक्के), टू २८० (७.८), थ्री २९७ (५.७).

दहावा मजला, तुम्हीही वाचलात.

---

दहावा_मजला | शुक्रवार, रात्री ९:३५

खतावणी, तुम्ही आमच्या सोसायटीत राहायला या. वाळवणाची बाथरूम रिकामी करून देतो.

---

ऐरोलीकर_अण्णा | शुक्रवार, रात्री १०:१०

पण खजिनदाराची बाजू कुणी घेणार की नाही? त्याला एप्रिल-मेला रोख ४५,००० मोजावेच लागतात. वर्षाची सरासरी दाखवून टँकरवाला थांबत नाही.

---

खतावणी | शुक्रवार, रात्री १०:३२

अण्णा, रास्त आहे. म्हणून दोन वाटा आहेत. एक, वर्षभर सरासरीने घ्यायचे आणि पावसाळ्यात उरलेले वेगळ्या खात्यात बाजूला ठेवायचे, खर्चून टाकायचे नाहीत. दुसरी, मार्च ते मे टँकरची वेगळी ओळ बिलात दाखवून तेवढ्यापुरती वसुली करायची आणि जूनला बंद करायची. मला पहिली पटते, पण ज्या सोसायटीत उरलेले पैसे दिवाळीच्या लायटिंगला जातात तिथे दुसरी बरी. कायमस्वरूपी ५०० लावून बसणं हे दोन्हींत बसत नाही. नऊ महिने जादा पैसे गोळा होतील आणि कुणी परत देणार नाही.

ठरावात टक्के लिहूच नका. फ्लॅटच्या प्रकाराप्रमाणे जुने रुपये, नवे रुपये, आणि टँकरची बारा महिन्यांची बिलं जोडून द्या. सिक्युरिटीच्या १८,००० बद्दलही विचारा. माणसं वाढली की दर वाढला, ते अजून कुणीच सांगितलेलं नाही. टँकर बाजूला झाला की उरलेल्या वाढीत सगळ्यात मोठी बाब तीच आहे.

---

कासारवडवलीकर (धागाकर्ता) | शनिवार, सकाळी ९:००

तक्ता केला, प्रिंट काढल्या. दहाव्या मजल्यावरचे काका अनुमोदन देतो म्हणालेत. पण आमच्याकडे सभेला पंधरा-सोळा डोकी जमली तरी खूप. कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) झाला नाही तर सगळं पाण्यात?

---

खतावणी | शनिवार, सकाळी ९:२५

नाही. कोरम दोन तृतीयांश सभासद किंवा २०, जे कमी असेल ते. तुमच्याकडे २०. नाही भरला तर सभा अर्धा तास तहकूब करतात आणि मग हजर असतील तेवढ्यांत घेतात, त्या तहकूब सभेला कोरमची अट नसते. नोटिशीत तशी ओळ छापलेली आहे का तेवढं आज बघून ठेवा. आणि अर्ध्या तासात कुणाला घरी जाऊ देऊ नका.